अंबाडी, घोळाणा आणि भज्जी : मराठवाड्यातल्या भाज्या घरी करताना रुग्णांनी काय पाहावं

औषधांची चिठ्ठी हातात घेऊन उठता उठता बहुतेक रुग्ण एक प्रश्न हमखास विचारतात : "भाजी कोणती खाऊ?" नांदेड-लातूरकडे हा प्रश्न साधा नसतो. इथे भाकरीबरोबरचं तोंडी लावणं ऋतूप्रमाणे बदलतं. पावसाळ्यात अंबाडी, तांदुळजा, घोळ. थंडीत मेथी, हरभऱ्याचा आणि करडईचा कोवळा पाला, चुका, वांगी. उन्हाळ्यात वाळवून ठेवलेली हरभऱ्याची भाजी, पिठलं आणि चटण्या. "पालेभाजी खा" किंवा "पालेभाजी बंद" असं एका वाक्यात सांगून इथे भागत नाही. कोणता आजार आहे, भाजी कशी शिजवली आणि तिच्यात काय घातलं, या तिन्ही गोष्टी पाहाव्या लागतात.

आधी प्रमाण

आयसीएमआर आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांनुसार निरोगी प्रौढ माणसाने दिवसाला सुमारे ४०० ग्रॅम भाज्या खाव्यात आणि त्यात १०० ग्रॅमच्या आसपास पालेभाजी असावी. हे वजन कच्च्या भाजीचं आहे. १०० ग्रॅम पाला शिजल्यावर जेमतेम अर्धी वाटी उरतो. आपल्याकडे ताटात भाकऱ्या दोन आणि भाजी पळीभर, अशी वाटणी असते. किडनीचा त्रास नसलेल्या बहुतेकांसाठी ही वाटणी उलटी करणं हेच पहिलं पथ्य आहे.

अंबाडीची भाजी

अंबाडीपासून सुरुवात करतो, कारण या एका भाजीत शिजवण्याचे बहुतेक मुद्दे येतात. रीत घरोघरी माहीत आहे. पानं खुडून, देठ टाकून, दोन-तीन पाण्यांनी धुवायची. पानं उकडून, पिळून आंबट पाणी टाकायचं. तूरडाळ, मूठभर ज्वारीच्या कण्या आणि थोडे शेंगदाणे वेगळे शिजवून घ्यायचे. मग सगळं एकत्र घोटून हिरवी मिरची आणि मीठ घालायचं, एक उकळी आणायची आणि वरून लसणाची चरचरीत फोडणी द्यायची.

पाणी का टाकतात? आंबटपणा कमी व्हावा म्हणून. पण त्याच पाण्यातून ऑक्झलेट आणि पोटॅशियमही बरंचसं निघून जातं, म्हणून किडनीच्या रुग्णाला आणि मूतखडा झालेल्याला ही जुनी रीत सोयीची आहे. तोटाही आहे : क जीवनसत्त्व आणि फोलेट याच पाण्याबरोबर जातं. ज्याला किडनीचा त्रास नाही त्याने मेथी, तांदुळजा, शेपू या भाज्या उकडून पाणी फेकू नये. धुतल्यावर पानांना लागलेल्या पाण्यावरच, झाकण ठेवून, मऊ होईपर्यंतच शिजवाव्यात. आणि आधी धुवावं, मग चिरावं. चिरून धुतलं की जीवनसत्त्वं मोरीत जातात.

हिरवा रंग टिकावा म्हणून चिमूटभर सोडा घालायची सवय काही घरांत आहे. ती सोडा. सोड्याने क जीवनसत्त्व आणि बी-१ नष्ट होतं आणि भाजीत सोडियम वाढतं, जे रक्तदाबाच्या रुग्णाला नकोच असतं.

भांड्याकडेही लक्ष हवं. कल्हई उडालेल्या पितळी किंवा तांब्याच्या पातेल्यात अंबाडी, चुका, चिंच घातलेली आमटी असं काहीही आंबट शिजवू नये. तांबं अन्नात उतरतं आणि मळमळ, उलट्या होतात. लोखंडी कढई मात्र चांगली. आंबट भाजीत त्यातलं थोडं लोह उतरतं. भाजी काळपट होते, म्हणून शिजताच स्टीलच्या भांड्यात काढून घ्यावी.

तेल, मीठ आणि कूट

भाजी पौष्टिक असते, हे खरं. तिच्यावरची तर्री तशी नसते. याच मार्गदर्शक सूचनांमध्ये दिवसाला माणशी सुमारे २७ ग्रॅम तेल-तूप धरलं आहे. रोज चमचे मोजणं कुणाला जमत नाही, म्हणून डब्यावरून हिशोब करा. चार मोठ्या माणसांच्या घरात १५ किलोचा तेलाचा डबा साधारण साडेचार महिने पुरायला हवा. तुमचा दीड-दोन महिन्यांत संपत असेल तर तेल करडईचं आहे की शेंगदाण्याचं, हा वाद नंतरचा.

शेंगदाण्याच्या कुटाबद्दल लोक विचारत नाहीत, पण विचारायला हवं. २० ग्रॅम कूट, म्हणजे साधारण दोन मोठे चमचे, यात सव्वाशेच्या आत-बाहेर कॅलरी आणि ५ ग्रॅम प्रथिनं असतात. बारीक, अशक्त रुग्णाला हे वरदान आहे. वजन कमी करायचं असेल तर भरल्या वांग्यातलं वाटीभर कूट अर्ध्यावर आणावं आणि दाटपणासाठी येसर किंवा थोडं भाजलेलं बेसन वापरावं.

मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक छोटा चमचा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. यात भाजी, भाकरीचं पीठ, ठेचा, लोणचं, पापड सगळं आलं. रक्तदाबाच्या रुग्णाची भाजी अळणी करून बाजूला ठेचा वाढला तर पथ्याला अर्थ राहत नाही. ठेच्यातल्या मिरचीपेक्षा त्यातलं मीठ जास्त त्रास देतं (आम्लपित्ताचा त्रास असेल तर मिरचीही). मीठ कमी करताना आंबट, लसूण, जिरं, भाजलेले तीळ वाढवा. अंबाडी आणि चुका या भाज्या कमी मिठातही चवीला लागतात, म्हणून रक्तदाबवाल्यांनी सुरुवात तिथून करावी. घरातल्या सगळ्यांनी एकदमच थोडं थोडं कमी केलं तर काही आठवड्यांत जीभ सरावते. एकट्या आजोबांची वेगळी भाजी फार दिवस टिकत नाही. सैंधव हेसुद्धा मीठच आहे. त्याने रक्तदाबात फरक पडत नाही.

मधुमेह असेल तर

भाजीपेक्षा भाकरीचा आकार महत्त्वाचा. ज्वारीची भाकरी साखर वाढवत नाही, हा समज चुकीचा आहे. तीन मोठ्या भाकऱ्यांनी साखर वाढतेच. अंबाडीत कण्या जास्त घातल्या असतील तर अर्धी भाकरी कमी घ्या. बटाटा, रताळं यांना भाजी न मानता धान्याच्या हिशोबात धरा. जेवायला बसल्यावर आधी भाजी आणि वरण, मग भाकरी, असं केल्याने जेवणानंतरची साखर थोडी कमी चढते. मेथीची भाजी जरूर खा, पण तिच्या भरवशावर गोळी बंद करू नका.

किडनीचा आजार असेल तर

इथे थोडं थांबून वाचा. किडनी कमजोर झाली की पोटॅशियम शरीराबाहेर टाकता येत नाही. ते रक्तात साठलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, आणि कधी कधी आधी कुठलंही लक्षण न दिसता हृदय थांबू शकतं. तांदुळजा, पालक, घोळ, शेवग्याचा पाला, बटाटा, रताळं आणि सगळे ओले दाणे यांत पोटॅशियम भरपूर असतं. वाळवलेल्या हरभऱ्याच्या भाजीत पाणी नसल्यामुळे मूठभरातही ते बरंच येतं.

पण "किडनीचा पेशंट आहे, भाजी बंद" हेही चूक आहे. सगळ्याच किडनीच्या रुग्णांना पोटॅशियमचं पथ्य लागत नाही. रक्ताच्या तपासणीत पोटॅशियम किती आलं, त्यावरून डॉक्टर ते ठरवतात. पथ्य सांगितलं असेल तर दुधी, दोडका, पडवळ, घोसाळं, कोबी, काकडी यांतून निवड करावी. पालेभाजी किंवा बटाटा खायचाच असेल तर सालं काढून, बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकळावं, ते पाणी फेकावं आणि मग फोडणीला टाकावं. इथे वरचा नियम उलटा होतो : चिरून धुवायचं आणि पाणी टाकायचं. कुकरमध्ये थोड्या पाण्यात शिजवून तेच पाणी भाजीत ठेवलं तर उपयोग नाही. उकळल्याने पोटॅशियम कमी होतं, संपत नाही; म्हणून वाटीही लहानच घ्यावी.

दुकानात "कमी सोडियमचं मीठ" मिळतं. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराईड असतं. किडनीच्या रुग्णाने, तसंच टेल्मिसार्टन, रामिप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्याने ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. घरातल्या कुणीतरी काळजीपोटी हेच मीठ आणलेलं असतं, म्हणून मुद्दाम लिहिलं.

झडप बदललेली असेल, रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर

वॉरफरिन किंवा ॲसिट्रॉम या गोळ्या के जीवनसत्त्वाच्या विरुद्ध काम करतात, आणि हिरव्या पाल्यात के जीवनसत्त्व भरपूर असतं. अडचण पाला खाण्याची नाही, त्यातल्या चढउताराची आहे. आपल्या भागात हा चढउतार ऋतूच घडवतो. डिसेंबरात मेथीच्या जुड्या स्वस्त होतात, शेतातून हरभऱ्याचा पाला येतो आणि रोज दोन्ही वेळा पालेभाजी होते. गोळीचा असर कमी होतो, आयएनआर खाली येतो आणि कृत्रिम झडपेवर गुठळी धरण्याची भीती असते. एप्रिल-मेमध्ये पाला महाग होतो, ताटातून जातो, आणि तेवढ्याच गोळीने आयएनआर वर जाऊन हिरड्यांतून, नाकातून किंवा लघवीतून रक्त येऊ शकतं.

म्हणून वर्षभर ठरावीक प्रमाण ठेवा, उदाहरणार्थ आठवड्यातून तीन वेळा अर्धी वाटी. ते शक्य नसेल तर ऋतू बदलताना आयएनआर तपासून घ्या आणि डॉक्टरांना सांगा की घरात सध्या पाला जास्त शिजतो आहे. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा एपिक्साबॅन घेणाऱ्यांना हे पथ्य नाही.

मूतखडा

टोमॅटो आणि वांग्याच्या बियांनी खडे होतात, हे खरं नाही. सर्वाधिक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. पालक, तांदुळजा, चुका आणि घोळ यांत ऑक्झलेट बरंच असतं. मेथीत त्यामानाने कमी. या भाज्या कमी वेळा, उकडून, आणि सोबत दही किंवा ताक घेऊन खा. त्यातलं कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच धरून ठेवतं. पाणी भरपूर पिणं याहून महत्त्वाचं.

अंगात रक्त कमी असेल तर

पालेभाजीतलं लोह शरीरात फार थोडं शोषलं जातं. वरून लिंबू पिळलं तर थोडं वाढतं. जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर चहा घेतला तर घटतं. चहा तासभर पुढे ढकला. हिमोग्लोबिन ८ असलेल्या बाईला, आणि गरोदर असेल तर नक्कीच, भाजीवर सोडून चालत नाही. लोहाच्या गोळ्या पूर्ण मुदतीपर्यंत घ्याव्या लागतात.

घोळाणा आणि इतर कच्चा पाला

कोवळी मेथी, कांद्याची पात किंवा हरभऱ्याचा पाला, त्यावर कूट, तिखट, मीठ, कच्चं तेल : घोळाणा चवीला उत्तम आणि क जीवनसत्त्व शाबूत. अडचण मातीची आणि फवारणीची. दूषित मातीतून पट्टकृमीची अंडी पाल्याबरोबर पोटात जाऊ शकतात. डुकराच्या पट्टकृमीची अंडी असतील तर त्यांच्या अळ्या मेंदूत गाठी करतात आणि माणसाला फिट येऊ लागतात. पूर्ण शाकाहारी माणसालाही हे होतं. मिठाच्या पाण्यात बुडवल्याने अंडी मरतातच असं नाही. एकेक पान चोळून वाहत्या पाण्यात धुवायला हवं. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, तेव्हा वाहतं पाणी सांगणं सोपं आणि करणं अवघड, हे मान्य. पाणी कमी असेल तर टोपल्यात तीन वेळा पाणी बदलून धुवा आणि ते पाणी झाडांना घाला. किंवा त्या दिवसांत पाला शिजवूनच खा. केमोथेरपी चालू असलेल्यांनी आणि किडनी बदललेल्यांनी कच्चा घोळाणा खाऊच नये.

वेळ अमावस्येची भज्जी

मार्गशीर्ष अमावस्येला लातूर-धाराशिवकडे आणि नांदेडच्या काही भागात घरदार शेतात जेवतं. हरभरा, तूर, वाटाणा, वालाचे ओले दाणे, गाजर, वांगं, मेथी, कांद्याची पात असं सगळं बेसन लावून शिजवलेली भज्जी, आणि ताकात ज्वारीचं पीठ घालून केलेली आंबील. मधुमेहींनी भज्जी पोटभर खावी. सांभाळायचं आहे ते खीर आणि शेंगदाण्याच्या पोळीला. डायलिसिसवरच्या रुग्णाला मात्र ही भज्जी जड पडते, कारण दाणे आणि पाला दोन्हींत पोटॅशियम. त्याच्यासाठी दुधी-दोडक्याची साधी भाजी डब्यात न्या आणि भज्जी दोन चमचे चवीपुरती द्या. आंबिलीतलं मीठ आणि पाणी दोन्ही त्याच्या दिवसाच्या हिशोबात धरा, आणि सणासाठी डायलिसिस चुकवू नका.

कडू लागली तर

दुधी, दोडका, काकडी चिरताना छोटा तुकडा चाखून पाहा आणि कडू लागला तर थुंकून टाका. कडू दुधीत असलेलं विष शिजवूनही जात नाही. त्याने रक्ताच्या उलट्या आणि रक्तदाब एकदम खाली जाण्यासारखे प्रकार झालेले आहेत. कडू निघालेली भाजी जनावरालाही घालू नये, टाकून द्यावी. खाल्ल्यावर तासाभरात मळमळ, उलट्या, जुलाब, चक्कर सुरू झाली तर घरगुती उपाय न करता लगेच रुग्णालयात जा आणि काय खाल्लं ते सांगा. कारलं अर्थातच यातून वगळा.