ट्रॅक्टरवरील आरटीके रिसीव्हर: आदेशांच्या फाईलने सेटिंग कशी करावी?

उसाच्या पाच फुटी सरीत ठिबकची नळी जमिनीखाली असेल, तर आंतरमशागतीच्या वेळी ट्रॅक्टर लागवडीच्याच रेषेवरून जायला हवा. ही रेषा फूटभर सरकली तरी फाळ नळीवर किंवा उसाच्या बुडख्यावर जातो. अशा वेळी दोष बहुधा उपग्रहांचा नसतो. रिसीव्हरची सेटिंग बदललेली असते. म्हणून सेटिंग दर हंगामात हाताने करण्याऐवजी आदेशांची एक फाईल तयार करून तीच चालवावी.

आरटीके म्हणजे काय?
शेताजवळ एका जागी पक्का बसवलेला रिसीव्हर (बेस) ट्रॅक्टरवरील रिसीव्हरला (रोव्हर) सतत दुरुस्ती पाठवतो. त्यामुळे बेसच्या तुलनेत २ ते ३ सेंमीपर्यंत अचूकता मिळते. मात्र बेसची स्वतःची जागा चुकीची नोंदवली असेल, तर तेवढीच चूक रोव्हरमध्येही उतरते.

फाईल कशी असावी?
येथे यु-ब्लॉक्स झेडईडी-एफ९पी या रिसीव्हरचे उदाहरण घेतले आहे. लिनक्स संगणकावर ‘युबीएक्सटूल’ या मोफत साधनाने आदेश पाठवता येतात. प्रत्येक ओळीत एक आदेश, म्हणजे सेटिंगचे नाव, किंमत आणि साठवणीचा आकडा लिहावा. सेटिंगची नावे माहितीपुस्तिकेत आहेत तशीच रोमन अक्षरांत टाईप करावीत.

साठवणीचे आकडे:
- १ – तात्पुरती स्मृती. वीज जाताच सेटिंग पुसली जाते.
- २ – बॅकअप बॅटरीवरील स्मृती. बॅटरी संपली की पुसली जाते.
- ४ – फ्लॅश. सेटिंग कायम राहते.
- ७ – वरील तिन्ही ठिकाणी. शेतकामासाठी हाच आकडा वापरावा.

रोव्हरची सेटिंग
- मोजणीचा वेग: मूळ किंमत १००० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला एक नोंद. ताशी ५.४ किमी वेगाने ट्रॅक्टर सेकंदात दीड मीटर पुढे जातो. किंमत २०० केल्यास दर ३० सेंमीला नोंद मिळते.
- पोर्टचा वेग: मूळ ३८४००. नोंदी वाढवल्यावर तो ११५२०० करावा. हा आदेश फाईलमध्ये सर्वांत शेवटी ठेवावा, कारण तो लागू होताच जुन्या वेगावरील संपर्क तुटतो.

बेसची सेटिंग
बेस ‘सर्व्हे-इन’ पद्धतीवर (किंमत १) ठेवल्यास तो चालू केल्यावर आपली जागा नव्याने ठरवतो. ही जागा दर वेळी थोडी वेगळी निघते आणि रेषा सरकण्याचे मुख्य कारण हेच असते. म्हणून सर्व्हे-इन एकदाच, जास्त वेळ चालवून मिळालेले अक्षांश, रेखांश व उंची लिहून ठेवावी. त्यानंतर बेस ‘स्थिर’ पद्धतीवर (किंमत २) टाकून तेच आकडे फाईलमध्ये भरावेत. अँटेनाचा खांब हलवू नये. हलल्यास जागा पुन्हा मोजावी.

लक्षात ठेवा:
- सर्व्हे-इनची अचूकता मर्यादा ०.१ मिमीच्या एककात असते. २ मीटरसाठी २०००० लिहावे. नुसते २ लिहिल्यास सर्व्हे-इन पूर्णच होत नाही.
- उंची समुद्रसपाटीपासूनची नव्हे, तर लंबगोलाकार पृष्ठापासूनची भरावी. महाराष्ट्रात या दोन्हींत सुमारे ६० मीटरचा फरक येतो.

पडताळणी
१. प्रत्येक आदेशाला ‘स्वीकारला’ की ‘नाकारला’ असे उत्तर येते. नाकारलेला आदेश दुरुस्त केल्याशिवाय पुढे जाऊ नये.
२. वीज बंद करून पुन्हा चालू करावी व सेटिंग परत वाचून फाईलशी जुळवावी.
३. जीजीए संदेशातील दर्जाचा आकडा पाहावा. ४ म्हणजे पक्की आरटीके स्थिती, ५ म्हणजे अपुरी. ५ असताना पेरणी किंवा आंतरमशागत सुरू करू नये.
४. बांधावर कायमची खूण करून प्रत्येक कामाआधी रोव्हर तिथे उभा करावा. आकडे आधीच्या नोंदीपासून ५ सेंमीहून अधिक सरकले असतील, तर आधी बेस तपासावा.

फाईलची एक प्रत पेनड्राइव्हवर आणि एक छापील प्रत ट्रॅक्टरच्या पेटीत ठेवावी. रिसीव्हर बदलावा लागला तरी जुन्याच रेषांवर काम पुढे चालू ठेवता येते.