निवृत्तिवेतन कोणाचे? सैनिकाचा घटस्फोट आणि अमेरिकेचे सर्वोच्च न्यायालय

एखादा निकाल कायदेमंडळाला इतका खुपतो की नवा कायदा निकालाच्या आदल्या दिवसापासून लागू करून तो जणू लागलाच नव्हता असे मानले जाते. २६ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘मॅककार्टी विरुद्ध मॅककार्टी’ या खटल्याचा निकाल दिला. पुढच्याच वर्षी काँग्रेसने केलेल्या कायद्यात २५ जून १९८१ ही तारीख मुद्दाम घालण्यात आली. मधल्या चौदा महिन्यांत काय घडले आणि ते भांडण आजही का मिटलेले नाही, हा या धाग्याचा विषय.

प्रथम पार्श्वभूमी. अमेरिकेत विवाह आणि घटस्फोट हे घटक राज्यांचे विषय आहेत. सैन्य मात्र संघराज्याचे. घटस्फोटाचा हुकूमनामा कॅलिफोर्नियातील न्यायाधीश देतो आणि सैनिकाचे वेतन वॉशिंग्टनहून येते. पतिपत्नी एकत्र असेपर्यंत या दोन सत्तांची गाठ पडत नाही. संसार मोडला की पडते.

कॅलिफोर्नियाचा वैवाहिक मालमत्तेचा कायदा स्पॅनिश परंपरेतून आलेला आहे. १८४९ च्या राज्यघटनेत तेथील लोकांनी ती परंपरा टिकवली. विवाहकाळात दोघांपैकी कोणीही कमावलेले दोघांचे, निम्मे-निम्मे, हे त्याचे सूत्र. गोव्यातील वाचकांना ही कल्पना परकी वाटणार नाही. तेथील पोर्तुगीज नागरी संहितेतही विवाहानंतर पतिपत्नींच्या मालमत्तेची सामाईकी हाच सर्वसाधारण नियम आहे. उर्वरित भारतात मात्र घटस्फोटात पत्नीला पोटगी मिळते. पतीच्या कमाईत वाटेकरी म्हणून हिस्सा मिळत नाही. हा फरक ध्यानात ठेवला नाही तर पुढचा वाद निरर्थक वाटेल.

आता सैन्याचे निवृत्तिवेतन. त्या काळी त्याची रचना कड्यासारखी होती. वीस वर्षे सेवा केली तर आयुष्यभर वेतन. एकोणीस वर्षांनी बाहेर पडलात तर शून्य. सैनिकाच्या पगारातून त्यासाठी काहीही कापले जात नसे. विशीत भरती झालेला माणूस चाळिशीत निवृत्त होई आणि पुढची तीस-चाळीस वर्षे दरमहा रक्कम घेत राही. घर बहुधा सरकारी, बदल्या सतत. त्यामुळे अनेक सैनिकी कुटुंबांकडे मालमत्ता म्हणावी अशी ही एकच गोष्ट असे.

आणि त्या बदल्यांची किंमत पत्नीही मोजत असे. दर दोन-तीन वर्षांनी नवे गाव, नवे राज्य. शिक्षिका असेल तर नव्या राज्याचा परवाना पुन्हा मिळवायचा. नोकरी लागलीच तर ज्येष्ठता मागे सोडून निघायचे. तिचे स्वतःचे निवृत्तिवेतन कोठेच पिकत नसे. त्यातून अधिकाऱ्याच्या पत्नीने तळावरची विनावेतन कामे करावीत, अशी अलिखित अपेक्षा होती. पत्नी नोकरी करते की स्वयंसेवा, याचा विचार अधिकाऱ्याच्या बढतीत करू नये, असा निर्देश संरक्षण खात्याला १९८८ मध्ये लेखी काढावा लागला, यावरून ती अपेक्षा किती खोल रुजली होती हे कळते.

मॅककार्टी दांपत्याची कहाणी या साच्यात नेमकी बसणारी. १९५७ मध्ये ऑरेगनमध्ये विवाह झाला तेव्हा पती वैद्यकीय शाखेचा विद्यार्थी होता. पुढे तो सैन्यात डॉक्टर झाला. पेनसिल्व्हानिया, हवाई, वॉशिंग्टन, कॅलिफोर्निया, टेक्सास अशी भ्रमंती करीत अखेर सॅन फ्रान्सिस्कोच्या लष्करी रुग्णालयात तो हृदयरोग विभागाचा प्रमुख झाला. १९७६ मध्ये त्याने घटस्फोटासाठी अर्ज केला, तेव्हा त्याची सुमारे अठरा वर्षे सेवा झाली होती. म्हणजे कड्यापासून दोन वर्षे दूर. तीन अल्पवयीन मुलांचा ताबा आईकडे गेला. निवृत्तिवेतनाबाबत न्यायालयाने सांगितले की विवाहकाळात पिकलेला हा हक्क सामाईक आहे, तेव्हा पत्नीला त्यातले सुमारे ४५ टक्के मिळावेत. पती कर्नलच्या हुद्द्यावरून १९७८ मध्ये निवृत्त झाला आणि भांडण वर वर जात सर्वोच्च न्यायालयात पोहोचले.

तेथे तो सहा विरुद्ध तीन मतांनी जिंकला.

बहुमताचा निकाल न्यायमूर्ती हॅरी ब्लॅकमन यांनी लिहिला. त्यांचा युक्तिवाद असा: काँग्रेसने हे वेतन सैनिकाला व्यक्तिशः दिले आहे. शिवाय ते केवळ म्हातारपणाची सोय नाही. तरुणांना सैन्यात आणण्याचे आणि वयस्कांना वेळेवर बाहेर काढण्याचे ते साधन आहे. राज्यांची न्यायालये त्याचे तुकडे करू लागली तर सैन्याच्या मनुष्यबळाची घडी विस्कटेल. म्हणून संघराज्याचा कायदा श्रेष्ठ, राज्याचा कायदा तेथे लागू नाही. न्यायमूर्ती रेन्क्विस्ट यांनी भिन्नमतपत्रात उलट विचारले की, काँग्रेसने राज्यांना असे मनाई करणारे शब्द लिहिलेत तरी कोठे?

या खटल्यातला एक उपप्रश्न मला फार उद्बोधक वाटतो. निवृत्त सैनिकाला मिळते ते पूर्वीच्या सेवेचे फळ, की चालू सेवेचा कमी केलेला पगार? प्रश्न विनोदी नाही. निवृत्त अधिकारी पुन्हा सेवेत बोलावला जाऊ शकतो आणि सैनिकी कायद्याच्या कक्षेतही राहतो. ते चालू पगार असेल तर घटस्फोटानंतरची कमाई ठरते आणि पत्नीचा संबंध तुटतो. फळ असेल तर त्या झाडाला दोघांनी पाणी घातलेले असते. ब्लॅकमन यांनी हा प्रश्न शेवटपर्यंत सोडवला नाही, बाजूला ठेवला. मात्र घटस्फोटित पत्नींची अवस्था अनेकदा बिकट असते हे मान्य करून, उपाय हवा असेल तर तो काँग्रेसने करावा, असे त्यांनी नमूद केले.

काँग्रेसने हे मनावर घेतले. प्रतिनिधिगृहाच्या सशस्त्र सेवा समितीतील सदस्य, कोलोरॅडोच्या पॅट्रिशिया श्रोडर, या प्रश्नाचा पाठपुरावा आधीपासूनच करीत होत्या. निकालाने असंतोषाला धार आली. ८ सप्टेंबर १९८२ रोजी अध्यक्ष रेगन यांनी ज्या संरक्षणविषयक कायद्यावर स्वाक्षरी केली, त्यातच सैनिकांच्या माजी जोडीदारांना संरक्षण देणारे प्रकरण होते.

या कायद्याबद्दल अमेरिकेतही गैरसमज पुष्कळ आहेत. त्याने पत्नीला निम्मे निवृत्तिवेतन दिले, हा पहिला. तसे काहीही नाही. त्याने फक्त राज्यांच्या हातातली बेडी काढली; हिस्सा द्यायचा की नाही आणि किती, हे ज्या त्या राज्याने आपल्या कायद्याने ठरवायचे. दुसरा गैरसमज दहा वर्षांचा. विवाह आणि सेवा किमान दहा वर्षे एकत्र चालली असेल तर पत्नीचा हिस्सा सरकारी वेतन कार्यालयातून थेट तिच्या हाती येतो, एवढाच तो नियम. सात वर्षांच्या संसारातही हिस्सा मिळू शकतो. फक्त तो माजी पतीकडून दरमहा वसूल करावा लागतो. किती मनःस्तापाचे काम ते, हे वेगळे सांगायला नको. मालमत्तेचा वाटा म्हणून थेट द्यायच्या रकमेवर ५० टक्क्यांची मर्यादा आहे. वैद्यकीय उपचार आणि तळावरच्या सवलतीच्या दुकानांचा (आपल्याकडच्या सैनिकी कॅन्टीनसारखी ही सोय) हक्क पूर्णपणे टिकण्यासाठी तिहेरी वीसची अट आली: वीस वर्षे विवाह, वीस वर्षे सेवा, आणि दोन्हींचा वीस वर्षांचा सहवास. तेथेही कडाच.

सैनिकाच्या बाजूनेही एक तरतूद आहे. बदलीमुळे तो एखाद्या राज्यात राहतो एवढ्यावरून तेथील न्यायालयाला त्याचे निवृत्तिवेतन वाटता येत नाही. तो तेथला खरा रहिवासी हवा किंवा त्याची संमती हवी. अन्यथा पत्नीने सोयीचा कायदा असलेले राज्य शोधून दावा लावला असता.

थेट वेतन कार्यालयातून हिस्सा मिळण्याचे महत्त्व भारतीय तुलनेने अधिक उमगते. आपल्या सेना अधिनियम, १९५० चे कलम २८ सांगते की सैनिकाची शस्त्रे, कपडे आणि वेतन दिवाणी न्यायालयाच्या हुकुमाने जप्त करता येणार नाही. सैनिकाने कर्जदारांच्या तगाद्यातून मुक्त राहावे, हा हेतू जुना आणि समजण्याजोगा. पण त्या भिंतीबाहेर पत्नीही उभी राहते. म्हणून कलम ९० व ९१ पत्नी आणि अपत्यांच्या, औरस असोत वा अनौरस, निर्वाहासाठी वेतनातून कपात करण्याची वाट ठेवतात. मात्र तो आदेश केंद्र सरकारचा किंवा नेमून दिलेल्या अधिकाऱ्याचा असावा लागतो. साताऱ्या-कोल्हापुरातली एखादी सैनिकपत्नी त्यामुळे न्यायालयाप्रमाणेच सैन्याच्या दारातही अर्ज घेऊन जाते.

पुन्हा अमेरिकेकडे. १९८२ च्या कायद्यात एक फट राहिली होती. राज्यांना वाटता येईल ते ‘विनियोगयोग्य’ निवृत्तिवेतन, आणि त्यातून अपंगत्वापोटी सोडलेली रक्कम वगळलेली. सेवेत इजा झालेल्या सैनिकाला करमुक्त अपंगत्व भत्ता मिळतो, पण तो घेण्यासाठी तेवढेच निवृत्तिवेतन सोडावे लागे. सैनिकाच्या दृष्टीने व्यवहार फायद्याचा, कर वाचतो. माजी पत्नीच्या दृष्टीने वाटणीची पिशवीच हलकी होते, तीही तिला न विचारता.

‘मॅन्सेल विरुद्ध मॅन्सेल’ खटल्यात १९८९ मध्ये हा पेच सर्वोच्च न्यायालयापुढे आला. हवाई दलातील मेजर, तेवीस वर्षांचा संसार, सहा मुले. न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांनी बहुमताने निकाल दिला की सोडलेला भाग वाटता येणार नाही. परिणाम कठोर असला तरी कायद्याचे शब्द स्पष्ट आहेत. सँड्रा डे ओ’कॉनर यांचे मत भिन्न होते, आणि त्यांच्या भिन्नमतपत्राला पाठिंबा देणारे एकमेव न्यायमूर्ती होते हॅरी ब्लॅकमन. मॅककार्टीचा निकाल लिहिणारे तेच. काँग्रेस बोलली आहे, तेव्हा आता पत्नीच्या बाजूने वाचा, असे म्हणणाऱ्यांत ते जाऊन बसले. न्यायमूर्तींची मते ठोकळेबाज असतात असे मानणाऱ्यांनी हा प्रसंग जरूर आठवावा.

मग राज्यांच्या न्यायालयांनी पळवाट काढली: भत्ता वाटत नाही, पण पत्नीचे जे नुकसान झाले ते पतीने भरून द्यावे. २०१७ च्या ‘हॉवेल विरुद्ध हॉवेल’ खटल्यात तीही बंद झाली. १९९१ मध्ये अ‍ॅरिझोनात घटस्फोट, पत्नीला निम्मा हिस्सा. सुमारे तेरा वर्षांनी पतीच्या खांद्याच्या इजेमुळे २० टक्के अपंगत्व मान्य झाले. महिना सुमारे १,५०० डॉलरांपैकी २५० डॉलर त्याने सोडले आणि तिचे १२५ डॉलर गेले. भरपाईचा हुकूम म्हणजे वेगळ्या नावाने वाटणीच, असे न्यायमूर्ती ब्रेयर यांनी लिहिले. निकालाच्या विरोधात कोणीही नव्हते. घटस्फोटाच्या वेळीच न्यायालयांनी ही शक्यता हिशेबात धरावी, एवढीच वाट त्यांनी मोकळी ठेवली. १२५ डॉलर ही रक्कम किरकोळ वाटेल. साठी ओलांडलेल्या स्त्रीच्या महिन्याच्या जमाखर्चात ती किरकोळ नसते.

मुलांच्या बाबतीत मात्र न्यायालयाची भूमिका निराळी राहिली. १९८७ च्या ‘रोज विरुद्ध रोज’ खटल्यात व्हिएतनाममध्ये पूर्ण अपंगत्व आलेल्या सैनिकाच्या भत्त्यातूनही मुलांचा निर्वाहखर्च मागता येतो, असे ठरले. हा भत्ता सैनिकाबरोबर त्याच्या कुटुंबाच्याही पोटासाठी असतो, हे त्यामागचे तत्त्व. तोच भत्ता पत्नीशी मालमत्ता म्हणून वाटता येत नाही. निकाल दोन्ही मार्शल यांचेच.

ताब्याचा प्रश्न अलीकडचा. सैनिक रणांगणावर असताना त्याच्यामागे एकतर्फी निकाल लागू नये, यासाठी १९१८ पासून अमेरिकेत कायदा आहे. जॉन विगमोर या विख्यात विधिज्ञाने त्याचा मसुदा केला. आपल्याकडचा सैनिकांच्या दाव्यांविषयीचा १९२५ चा अधिनियम याच जातीचा. पण हे कायदे रचताना डोळ्यांसमोर कर्ज, भाडे, जमीन होती, मूल नव्हते. अफगाणिस्तान आणि इराकच्या युद्धांत एकटी आई किंवा एकटा बाप तैनातीवर जाऊ लागला आणि परतल्यावर कळे की मुलाचा ‘तात्पुरता’ ताबा आता कायमचा होऊ घातला आहे, कारण मूल दुसऱ्या घरात रुळले. अनुपस्थितीचे कारण सरकारी हुकूम, आणि तीच अनुपस्थिती पालकाविरुद्ध पुरावा. २००८ मध्ये दाव्याला स्थगिती मागण्याचा हक्क ताब्याच्या प्रकरणांनाही लागू असल्याचे काँग्रेसने स्पष्ट केले. २०१४ मध्ये पुढचे पाऊल पडले: केवळ तैनातीमुळे दिलेला तात्पुरता ताबा त्या तैनातीपुरताच राहील, आणि कायमचा ताबा बदलताना तैनाती हे एकमेव कारण धरता येणार नाही. ‘एकमेव’ हा शब्द कायद्यात जाणीवपूर्वक आहे. तैनातीच्या जोडीला दुसरे कोणतेही कारण दाखवता आले की निर्णय पुन्हा राज्याच्या न्यायाधीशाकडे जातो.