शहाबाद हे गावाचं नाव आहे

आमच्या घरात ओटा शहाबादचा, मोरी शहाबादची, अंगणात धुणं बडवायचा दगडही शहाबादच. लहानपणी मला वाटायचं, गव्हात जसा बन्सी तसं दगडात शहाबाद. ते माणसांचं गाव आहे, आणि कमलनगरहून भालकी, हुमनाबाद, गुलबर्गा करत तिथं जाता येतं, हे फार उशिरा कळलं.

आपल्याकडचा काळा दगड फोडावा लागतो. भीमेच्या खोऱ्यातला हा करडा, निळसर चुनखडक उलगडतो. थरावर थर, वहीची पानं जशी. जवळच कागिणेच्या काठी, याच खडकाच्या पट्ट्यात मळखेड आहे, अमोघवर्षाची राजधानी. नेमिनाथाची बसदी तिथं अजून उभी आहे. म्हणजे दगड ओळखीचा होताच. पण तो मुंबई-पुण्याच्या वाड्यांत नेऊन घालायचा तर बैलगाडी कुठवर पुरणार? १८७१ साली जी.आय.पी. रेल्वे सोलापूर, गुलबर्गा, शहाबाद, वाडी करत रायचूरला पोचली आणि निजामाच्या मुलखातलं हे स्टेशन मराठी घराघरांत जाऊन बसलं.

खाणीतलं काम सांगायला सोपं. वरची माती काढायची, थर उघडा करायचा, छिन्नीनं रेघ मारायची, सांध्यात पहार घालून अख्खी लादी उचलायची. उचलताना तडकली की मेहनत पाण्यात, कारण मोजली जाते ती सबंध फरशी. तुकडे, खपल्या घमेल्यात भरून डोक्यावरून बाहेर टाकायच्या. हे काम बहुतकरून बायकांचं. उन्हाळ्यात खाणीचा तळ तव्यासारखा तापतो, हे निराळं सांगायला नको.

मग सिमेंट आलं. १९३६ साली दहा कंपन्या एकत्र करून ए.सी.सी. उभी राहिली, त्यांत शहाबाद सिमेंट कंपनी एक होती. गंमत बघा, दगड तोच. थर शाबूत ठेवला तर फरशी, दळून भाजला तर सिमेंट. पण कारखान्यात हजेरीपट असतो, महिन्याचा पगार असतो. छिन्नीवाल्याचं पोट फरशीच्या मापावर. एकाच गावात असे दोन कामगार. पुढं सिमेंटच्याच मोझॅक टाइलनं आणि नंतर चकचकीत व्हिट्रिफाइडनं फरशीला बैठकीतून मोरीत ढकललं.

वेल्समध्ये बेथेस्डा नावाचं असंच गाव आहे, पाटीच्या दगडाचं. तिथल्या खाणकामगारांनी १९०० ते १९०३ अशी तीन वर्षं लढा दिला. कामावर परत न गेलेल्या घरांच्या खिडक्यांत, इथं कुणी गद्दार नाही, अशा पाट्या लावल्या होत्या. त्या गावाचा इतिहास लिहिला गेला, शाळेत शिकवला गेला. शहाबादचं नाव तर प्रत्येक गवंड्याच्या तोंडी आहे. पण ती फरशी ज्यांनी उचलली त्यांतलं एक नाव विचारा, मला सांगता येणार नाही. इतकी वर्षं त्यांच्याच ओट्यावर भाकरी थापली की मी!

यंदा पुतण्यानं जुनं स्वयंपाकघर काढलं. मिस्त्री फरश्या उकरून भिंतीला लावत होता. मी म्हटलं, "एक राहू दे बाबा, मला हवी." उलटी करून बघितली. तोंड गुळगुळीत, पाठ खडबडीत, आणि कडेला छिन्नीच्या खुणा, जवळजवळ सारख्या अंतरावर. बोटानं मोजल्या. एका बाजूला एकेचाळीस.