अल्पप्रचलित मोबाइल ऑपरेटिंग सिस्टिम : उत्पादकांच्या पाठिंब्याची कारणे

अँड्रॉइड आणि आयओएस स्मार्टफोनचा जवळजवळ सगळा बाजार व्यापत असतानाही बाडा, विंडोज फोन, टायझेन, फायरफॉक्स ओएस अशा कमी खपाच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणारे फोन नामवंत उत्पादकांनी वेळोवेळी काढले. ॲपल कंपनी आयओएस दुसऱ्या कोणत्याही उत्पादकाला देत नाही. त्यामुळे इतरांपुढे व्यवहारात अँड्रॉइड हा एकच मार्ग उरतो. एकाच पुरवठादारावर विसंबण्याचा धोका कमी करणे, हे अल्पप्रचलित प्रणालीला पाठिंबा देण्यामागचे मुख्य कारण होय. आर्थिक साहाय्य, पेटंटचे करार आणि स्वस्त फोनची बाजारपेठ ही त्याला जोडून येणारी कारणे आहेत.

पूर्वपीठिका : वैयक्तिक संगणकाच्या धंद्यात नफ्याचा मोठा भाग मायक्रोसॉफ्ट व इंटेल यांच्याकडे गेला आणि संगणक जुळवणाऱ्या कंपन्यांच्या हाती थोडेच उरले. फोनच्या बाबतीत तसे होऊ नये, म्हणून सायन, नोकिया, एरिक्सन व मोटोरोला यांनी १९९८ मध्ये सिंबियन ही सामाईक कंपनी उभारली. गूगलच्या पुढाकाराने २००७ मध्ये जाहीर झालेली अँड्रॉइड प्रणाली उत्पादकांना विनामूल्य मिळाली. मात्र प्ले स्टोअर, नकाशे यांसारख्या गूगलच्या सेवांसाठी वेगळा करार करावा लागतो, आणि ग्राहकाला फोन हवा असतो तो या सेवांसह. प्रणाली फुकट असूनही उत्पादक गूगलवर अवलंबून राहतो तो यामुळे.

पर्याय राखणे : सॅमसंगने नोव्हेंबर २००९ मध्ये स्वतःची बाडा प्रणाली जाहीर केली. ऑगस्ट २०११ मध्ये गूगलने मोटोरोला मोबिलिटी १,२५० कोटी डॉलरला विकत घेण्याचे ठरवले. अँड्रॉइडचा मालक स्वतःच फोन-उत्पादक होणार, ही इतर उत्पादकांच्या दृष्टीने चिंतेची बाब होती. पुढच्याच महिन्यात इंटेल व सॅमसंग यांच्या सहभागाने लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली टायझेन प्रकल्प जाहीर झाला. दुसरी प्रणाली हाताशी असली, की गूगलशी वाटाघाटी करताना उत्पादकाची बाजू बळकट होते. त्या प्रणालीचे फोन फारसे खपले नाहीत, तरी हा उपयोग शिल्लक राहतो.

पैसा व पेटंट : फेब्रुवारी २०११ मध्ये नोकियाने विंडोज फोन ही आपली मुख्य स्मार्टफोन प्रणाली म्हणून स्वीकारली. त्याबदल्यात मायक्रोसॉफ्टकडून तिला दर तिमाहीला २५ कोटी डॉलर मिळू लागले. अँड्रॉइडमध्ये आपल्या पेटंटचा वापर होतो, या दाव्यावर मायक्रोसॉफ्टने एचटीसी, सॅमसंग आदी कंपन्यांशी स्वामित्वशुल्काचे करार केले. सॅमसंगशी २०११ मध्ये झालेल्या अशा करारात विंडोज फोनचा विकास व विपणन यांतील सहकार्याचाही समावेश होता.

अल्प खर्च : तयार फोनवर दुसरी प्रणाली बसवली, तर नव्या आरेखनाचा खर्च वाचतो. एचटीसीने २०१४ मध्ये वन एम८ हा अँड्रॉइड फोन त्याच सुट्या भागांसह विंडोजवरही विकला. अपयश आले तरी नुकसान मर्यादित राहील, असा यामागचा हिशेब असतो.

भारतातील प्रयोग : पहिलाच स्मार्टफोन घेणारा ग्राहक जुन्या ॲपमध्ये अडकलेला नसतो. त्यामुळे स्वस्त फोनच्या भारतीय बाजारात नव्या प्रणालींना वाव दिसला. एप्रिल २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने लहान पडद्याच्या उपकरणांसाठी विंडोजचे परवानाशुल्क माफ केले आणि त्याच वर्षी मायक्रोमॅक्सचे विंडोज फोन आले. इंटेक्सने फायरफॉक्स ओएसवरचा क्लाउड एफएक्स १,९९९ रुपयांना विकला. सॅमसंगने टायझेनवरचा झेड१ जानेवारी २०१५ मध्ये भारतातच प्रथम आणला. त्याची किंमत ५,७०० रुपये होती. फायरफॉक्स ओएसमधून निघालेल्या कायओएसला २०१७ मध्ये जिओफोनमुळे मोठा वापरकर्तावर्ग मिळाला. बटणांच्या फोनवर ४जी व मोजकी ॲप देणारी ही प्रणाली अँड्रॉइडने मोकळ्या सोडलेल्या जागेत उभी राहिली.

अडथळे : वापरकर्ते थोडे म्हणून ॲप तयार होत नाहीत, आणि ॲप नाहीत म्हणून वापरकर्ते येत नाहीत. या चक्रातून विंडोज फोन सुटला नाही. गूगलने त्यासाठी पूर्ण स्वरूपाचे यूट्यूब ॲप दिले नाही आणि मायक्रोसॉफ्टने स्वतः बनवलेले ॲप २०१३ मध्ये रोखले. कराराचीही बंधने होती. गूगलशी करार केलेल्या उत्पादकाला अँड्रॉइडच्या सुधारून घेतलेल्या, पण गूगलची मान्यता नसलेल्या आवृत्त्यांवर फोन काढता येत नसत. याच बंधनामुळे २०१२ मध्ये एसरला अलियुन प्रणालीच्या फोनचे अनावरण ऐन वेळी रद्द करावे लागले. युरोपीय आयोगाने २०१८ मध्ये गूगलला ४३४ कोटी युरोचा दंड केला. भारतीय स्पर्धा आयोगाने २०२२ मध्ये १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. दोन्ही आदेशांत अशा अटींवर आक्षेप होता.

परिणाम : खबरदारी म्हणून दिलेला पाठिंबा बहुधा थोडक्या मॉडेलपुरता राहतो, आणि तेवढ्याने प्रणाली मूळ धरत नाही. तो काढून घेतला की झळ ग्राहकाला बसते : सुरक्षेच्या सुधारणा थांबतात, नेहमीची ॲप बंद पडतात. विंडोज फोनवरील व्हॉट्सॲप २०१९ च्या अखेरीस बंद झाले. उत्पादकाची गुंतवणूक मात्र पूर्ण वाया जात नाही. फोनमधून हटलेली टायझेन सॅमसंगच्या दूरचित्रवाणी संचांत टिकून आहे. परतीचा मार्ग बंद झाला, की चित्र बदलते. मे २०१९ मध्ये अमेरिकेने व्यापारनिर्बंध घातल्यावर ह्वावेच्या नव्या फोनना गूगलच्या सेवा मिळेनाशा झाल्या. त्याच वर्षी कंपनीने हार्मनी ओएस जाहीर केली, २०२१ मध्ये ती फोनवर आणली आणि २०२४ मध्ये अँड्रॉइड ॲप न चालवणारी स्वतंत्र आवृत्ती दिली. ही प्रणाली चीनमध्ये रुजली, कारण कंपनीचा सगळा फोन-व्यवसाय तिच्यावर अवलंबून होता.