भोरचे पंतसचिव : देशमुखीपासून विलीनीकरणापर्यंत

पुण्याहून भोरमार्गे वरंध घाटाकडे निघालेला प्रवासी भोर गावात थांबतो, तेव्हा त्याचे लक्ष सर्वप्रथम वेधून घेतो तो पंतसचिवांचा राजवाडा. चित्रपटांच्या चित्रीकरणामुळे हा वाडा आता अनेकांच्या परिचयाचा झाला आहे. मात्र त्यात राहणारे पंतसचिव नेमके कोण होते आणि भोर-वेल्ह्याच्या डोंगराळ मुलखावर त्यांची सत्ता कशी आली, याची माहिती पुणेकरांनाही फारशी नसते. सुमारे अडीचशे वर्षे टिकलेल्या या घराण्याचा हा धावता परिचय.

देशमुखांचा काळ

पंतसचिवांच्या आधी या खोऱ्यांवर खरी हुकमत चाले ती देशमुखांची. बादशहा विजापुरात असे. सारावसुली, न्यायनिवाडा आणि शिबंदी मात्र वतनदारांच्या हाती असे. रोहिड खोऱ्यात कारीचे जेधे, हिरडस मावळात बांदल, गुंजण मावळात शिळीमकर अशी ही वाटणी होती. शिवाजी महाराजांनी तोरणा घेतला आणि राजगड बांधून तेथे राजधानी केली, ती याच देशमुखांना सोबत घेऊन.

या देशमुखांची कसोटी लागली ती १६५९ मध्ये. अफजलखानाला सामील व्हावे, असे आदिलशाही फर्मान मावळातील वतनदारांना आले. उत्रवळीचे खंडोजी खोपडे खानाला मिळाले. कान्होजी जेधे मात्र आपल्या मुलांसह महाराजांपुढे हजर झाले आणि त्यांनी वतनावर पाणी सोडले. पिढ्यान्‌पिढ्यांचे वतन पणाला लावणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. पुढच्याच वर्षी पन्हाळ्याहून विशाळगडाकडे जाताना खिंड लढविणारे बाजीप्रभू देशपांडे हेही याच परिसरातील शिंद गावचे आणि त्यांच्यासोबतचे मावळे बांदलांचे.

मूळ पुरुष शंकराजी नारायण

‘सचिव’ हे अष्टप्रधानांपैकी एक पद. राज्याची पत्रे तपासणे, त्यांतील चुका दुरुस्त करणे आणि महालांच्या हिशेबावर नजर ठेवणे हे सचिवाचे काम. छत्रपती राजाराम महाराज जिंजीला असताना महाराष्ट्रातील कारभार रामचंद्रपंत अमात्य आणि शंकराजी नारायण गांडेकर यांनी सांभाळला. मोगलांनी घेतलेले किल्ले परत मिळविण्यात शंकराजींचा मोठा वाटा होता. नावजी बलकवडे यांनी १६९३ मध्ये सिंहगड जिंकला तो त्यांच्याच देखरेखीखाली. या कामगिरीमुळे १६९७ मध्ये त्यांना सचिवपद मिळाले. पुढे हे पद वंशपरंपरागत झाले.

औरंगजेबाने १७०४ मध्ये राजगड आणि तोरणा हे दोन्ही किल्ले घेतले. पण ते मोगलांकडे फार काळ राहिले नाहीत. बादशहाच्या मृत्यूनंतर १७०७ मध्ये शाहू महाराज कैदेतून सुटले आणि स्वराज्यातील प्रत्येक सरदारापुढे प्रश्न उभा राहिला, तो निष्ठा कोणाशी ठेवायची हा. शंकराजींनी ताराबाईंशी इमान राखण्याची शपथ घेतली होती. ऑक्टोबरमध्ये खेडची लढाई जिंकून शाहू महाराज शिरवळच्या बाजूला आले आणि त्यांनी सचिवांना बोलावणे पाठविले. शपथ मोडवेना आणि छत्रपतींच्या वारसावर शस्त्रही उचलवेना. या पेचात शंकराजींनी स्वतःचे जीवन संपविले. त्यांनी जलसमाधी घेतली, असे ग्रँट डफ लिहितो. विष घेतल्याचीही परंपरा आहे. भोर तालुक्यातील आंबवडे येथे त्यांची समाधी आहे.

शाहू महाराजांनी या घराण्यावर राग धरला नाही. शंकराजींचे अजाण पुत्र नारो शंकर यांनाच त्यांनी सचिवपदाची वस्त्रे दिली. कारभार मातोश्री येसूबाई यांनी पाहिला. पुढे नारो शंकर दमाजी थोराताच्या कैदेत सापडले. त्यांची सुटका बाळाजी विश्वनाथ यांनी केली, तेव्हा उपकाराची फेड म्हणून येसूबाईंनी पुरंदर किल्ला त्यांना दिला. पेशव्यांच्या हाती पुरंदर आला तो असा.

पेशवाई आणि इंग्रजी अंमल

पेशव्यांचे बळ वाढत गेले, तसे सचिवांचे स्थान दुय्यम होत गेले. १७५० मध्ये नानासाहेब पेशव्यांनी चिमणाजी नारायण सचिवांकडून सिंहगड घेतला आणि मोबदल्यात तुंग व तिकोना हे किल्ले दिले. पुण्याच्या उशाशी असलेला बळकट किल्ला दुसऱ्याच्या ताब्यात राहू नये, हा त्यामागील हेतू उघड होता.

पेशवाईच्या अस्तानंतर १८२० मध्ये सचिवांनी इंग्रजांशी तह केला आणि भोर हे सातारच्या छत्रपतींच्या अखत्यारीतील जहागीर म्हणून कायम राहिले. १८४८ मध्ये शहाजीराजे निधन पावल्यावर साताऱ्याचे राज्य इंग्रजांनी खालसा केले, तेव्हा भोरचा संबंध थेट इंग्रज सरकारशी आला. आजचा राजवाडा १८६९ मध्ये, चिमणाजी रघुनाथ यांच्या कारकिर्दीत उभा राहिला. त्यांच्यानंतर १८७१ ते १९२२ अशी तब्बल ५१ वर्षे शंकरराव चिमणाजी गादीवर होते. संस्थानाला ९ तोफांच्या सलामीचा मान होता.

किल्ल्यांच्या नावांचे तालुके

संस्थानाचे क्षेत्रफळ ९२५ चौरस मैल होते. १९०१ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १ लाख ३७ हजारांच्या घरात होती. विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवनमावळ आणि सुधागड असे पाच तालुके होते. विचित्रगड म्हणजे रोहिडा आणि प्रचंडगड म्हणजे तोरणा. सुधागड तालुका सह्याद्री उतरून कोकणात पसरलेला होता आणि अष्टविनायकांपैकी पालीचे देवस्थान त्याच तालुक्यात होते.

नीरेच्या उपनदीवर भाटघर येथे ब्रिटिश सरकारने धरण बांधले आणि १९२८ मध्ये त्याच्या जागी अधिक मोठे धरण पूर्ण केले. त्याचे पाणी नीरेच्या कालव्यांतून पूर्वेकडील दुष्काळी पट्ट्याला मिळाले. जलाशयाखाली जमीन गेली ती मात्र मावळातली.

अखेरचे राजे रघुनाथराव शंकरराव १९२२ मध्ये गादीवर आले. ८ मार्च १९४८ रोजी दक्षिणेतील इतर संस्थानांबरोबर भोर मुंबई राज्यात विलीन झाले. घाटावरील मुलूख पुणे जिल्ह्यात, तर सुधागड कुलाबा जिल्ह्यात गेला.

मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याला ‘राजगड’ हे नाव देण्यास मान्यता दिली. अनेकांना हे नाव नवे वाटले. परंतु भोर संस्थानाच्या दप्तरात राजगड नावाचा तालुका विलीनीकरणाच्या कितीतरी आधीपासून होता. नव्याने मिळालेल्या या नावामागे पंतसचिवांच्या कारभाराचाही एक धागा आहे, एवढे त्या निमित्ताने लक्षात ठेवायला हवे.