राळेगणचा खांब आणि मीटिंगमधली खुर्ची

आजचा विषय आपल्याच जिल्ह्यातला आहे, आणि थोडा माझ्या घरातलाही. दारू सोडण्याचा इतिहास. दारूचा नाही हं, सोडण्याचा.

नगरमध्ये (कागदोपत्री आता अहिल्यानगर, तोंडात अजून नगरच) दारूबंदी म्हटलं की पहिलं नाव येतं पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीचं. १९७५ मध्ये अण्णा हजारे सैन्यातून निवृत्त होऊन गावी आले. शेती कोरडवाहू, आणि गावात तीसच्या वर दारूभट्ट्या. यादवबाबांच्या मंदिराचं लाकूडसुद्धा भट्टीच्या चुलीत गेलं होतं, असं सांगतात. अण्णांनी आधी मंदिर दुरुस्त केलं. मग त्याच मंदिरात गाव बसलं आणि भट्ट्या बंद करायचं ठरलं. देवळात दिलेला शब्द मोडणं सोपं नसतं. भट्टीवाल्यांनी आपणहून भट्ट्या बंद केल्या.

तरीही काही जण बाहेरून पिऊन यायचे. त्यांना आधी ताकीद, आणि तरी ऐकलं नाही तर मंदिराजवळच्या खांबाला बांधून मार. अण्णांनी ही गोष्ट कधी लपवली नाही. आई आजारी लेकराला कडू औषध पाजते, तसंच हे, असं त्यांचं म्हणणं. पटो न पटो, त्या बायकांच्या घरात रोजची मारहाण होती, हेही विसरून चालणार नाही.

पुढे हिवरे बाजार. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले आणि नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नसबंदी, श्रमदान ही पंचसूत्री तिथंही आली. नंतर सरकारी नियम आला, तो 'आडवी बाटली'चा. २००८ च्या आदेशाप्रमाणे २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली तर मतदान घ्यायचं, आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त बायकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद.

हे सगळं मी शाळेपासून अभिमानाने ऐकत आलोय. पण बघा, यात बंद होतं ते दुकान. पिणाऱ्या माणसाच्या आत काय चाललंय, त्याचं काय? २०१७ च्या फेब्रुवारीत नगर तालुक्यातल्याच पांगरमलला निवडणुकीच्या पार्टीत विषारी दारूने माणसं गेली. आणि माझं? मी सॉफ्टवेअरवाला, घरून काम करणारा. खोलीचं दार लावलं की झालं. माझ्यासाठी कुठल्या गावाने ठराव करायचा?

आता दुसरा इतिहास. १९३५ चा मे महिना, अमेरिकेतलं अॅक्रन शहर. बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा शेअर बाजारातला माणूस. धंद्याचं काम फसलेलं, हॉटेलच्या लॉबीत एकटा, आणि बारमधून हसण्याचे आवाज. पाचेक महिने सोडलेली दारू परत हाक मारतेय. त्याने तिथल्या चर्चच्या यादीवरून फोन लावायला सुरुवात केली. कशासाठी, तर आपल्यासारखाच एखादा दारुडा बोलायला मिळावा म्हणून. त्यातून भेटले डॉक्टर बॉब स्मिथ, सर्जन. तास दीड तास नाही, कितीतरी तास दोघे बोलत बसले. बॉबनी शेवटचा घोट घेतला तो १० जून १९३५ ला, आणि तोच दिवस अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसचा जन्मदिवस मानतात. फी नाही, आडनाव नाही. अट एकच, दारू सोडायची इच्छा. १९५७ मध्ये ही चळवळ भारतात आली.

मराठी माणसाला हीच वाट ओळखीची झाली ती पुण्यातून. अनिल अवचटांनी गर्दच्या व्यसनावर लिहिलं, पु. ल. आणि सुनीताबाईंनी ते वाचून देणगी देऊ केली, आणि २९ ऑगस्ट १९८६ ला डॉ. सुनंदा अवचटांनी येरवड्यात मुक्तांगण सुरू केलं. व्यसनातून बाहेर पडलेलाच तिथं दुसऱ्याला हात देतो. बायकांसाठी 'सहचरी' गट, कारण आजार एकट्याचा नसतो.

मला मीटिंग शोधायला तीन आठवडे लागले. फोन लावायचो आणि रिंग वाजली की कट करायचो. भीती मार खायची नव्हती, ओळखीचं कुणी दिसायची होती. शेवटी गेलो. एका शाळेचा वर्ग, गोल मांडलेल्या खुर्च्या, स्टीलच्या पेल्यात चहा. आणि समोर बसलेले वडिलांच्या मित्रांपैकी एक काका!

मी म्हटलं, "काका, तुम्ही इथं?"

ते म्हणाले, "तू आलास ना, तसाच मी. बस."

त्या दिवशी मी एक शब्द बोललो नाही, आणि कुणी आग्रहही केला नाही. दुसऱ्या आठवड्यात नाव सांगितलं. तिसऱ्या आठवड्यानंतर एकदा घसरलो. परत गेलो तर काकांनी एवढंच विचारलं, "चहा घेतलास?" खांबापाशी मी खोटं बोललो असतो. इथं खोटं बोलायची गरजच पडली नाही. आज सात महिने झालेत. आईला मागच्या महिन्यात सांगितलं. तिला आधीच माहीत होतं.

राळेगणला नावं ठेवायला हा एपिसोड केलेला नाही. दुकान बंद झालं म्हणून कितीतरी घरं वाचली. पण दुकान बंद झाल्यावरची संध्याकाळ कुणासोबत काढायची, याचं उत्तर मला त्या वर्गात मिळालं.

शेवटी एक महत्त्वाचं. रोज भरपूर पीत असाल तर एकदम बंद करू नका. झटके येऊ शकतात, जिवावर बेतू शकतं. आधी डॉक्टरांना भेटा, मग मीटिंगला जा. आणि रिंग वाजली की फोन कट करू नका.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.