पोचल्याच्या पत्रानंतर

आपल्याकडे घरातलं कुणी परगावी निघालं की एक वाक्य ठरलेलं असायचं, "पोचल्याचं पत्र टाक." ते पत्र आलं की घर निर्धास्त. आता पत्राची जागा विमानतळावरून केलेल्या व्हॉट्सॲप कॉलनं घेतली आहे, पण हिशोब तोच. पोचला ना? मग झालं. या भागात आपण परदेशी शिकायला जाणाऱ्या मुलांबद्दल बोललो, तेव्हा एक मुद्दा वेळेअभावी राहून गेला. निघण्याआधीची मदत आणि पोचल्यानंतरची मदत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इतिहास बघितला तर पहिली बऱ्यापैकी मिळत आली. दुसरी बहुतेक वेळा उशिरा आली, किंवा आलीच नाही.

सुरुवात बॉथेलपासून करू. सिॲटलच्या ईशान्येला असलेलं हे गाव. युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनची इथली शाखा १९९० मध्ये भाड्याच्या जागेत सुरू झाली आणि २००० मध्ये सध्याच्या आवारात आली. सुरुवातीची बरीच वर्षं इथे फक्त वरच्या वर्गांचे विद्यार्थी असत. बारावी संपवून थेट येणारी मुलं घ्यायला २००६ मध्ये सुरुवात झाली. म्हणजे अगदी नवख्या विद्यार्थ्याला सांभाळण्याचा या आवाराचा अनुभव फार जुना नाही. शिवाय बहुतेक मुलं घरून ये-जा करणारी. संध्याकाळी ती परततात आणि शेजारच्या पाणथळीतल्या झाडांवर हजारो कावळे वस्तीला येतात. बघायला माणसं मुद्दाम येतात, इतकं ते दृश्य सुंदर आहे. पण पुण्याहून किंवा नागपूरहून एकट्या आलेल्या मुलासाठी हीच वेळ सगळ्यात कठीण.

२०२० मध्ये तर पोचणंच थांबलं. ६ मार्चला युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टननं जाहीर केलं की ९ मार्चपासून वर्गात तास होणार नाहीत, सगळं ऑनलाइन. अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठांमध्ये हा निर्णय सगळ्यात आधी घेणाऱ्यांपैकी ते एक. मग ६ जुलैला अमेरिकी सरकारनं सांगितलं, ज्यांचे सगळे तास ऑनलाइन आहेत अशा परदेशी विद्यार्थ्यांना देशात राहता येणार नाही. खटले भरले गेले आणि १४ जुलैला तो नियम मागे घेतला गेला. आठच दिवस, पण ज्यांनी ते काढले त्यांना विचारा. त्या वर्षीच्या नव्या मुलांना ओळख, सल्ला, तास, सगळं पडद्यावर मिळालं. जी भारतातच अडकली, त्यांच्यासाठी सिॲटलचे सकाळचे दहा म्हणजे रात्रीचे साडेदहा. घरचे झोपायला निघाले की यांचं कॉलेज भरायचं.

तेव्हा सगळे म्हणत होते, दुरून स्वागत करण्याची ही वेळ पहिलीच. पण दुरून स्वागत ही गोष्ट आपल्याला जवळजवळ दीडशे वर्षं माहीत आहे.

गोपाळराव जोश्यांनी पत्नीच्या शिक्षणासाठी एका अमेरिकी मिशनऱ्याला लिहिलेलं पत्र तिथल्या मासिकात छापलं गेलं. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर बाईंनी ते दंतवैद्याकडे थांबल्या असताना वाचलं आणि १८८० मध्ये आनंदीबाईंशी त्यांचा पत्रव्यवहार सुरू झाला. बोटीच्या टपालानं उत्तर यायला महिनोन्‌महिने. तरी तीन वर्षांत किती काय झालं! तब्येतीच्या तक्रारी कळल्यावर कार्पेंटरबाईंनी औषधं पाठवली. आनंदीबाईंची तर त्या मावशीच झाल्या. ७ एप्रिल १८८३ ला कलकत्त्याहून निघालेल्या आनंदीबाई ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या, तेव्हा घ्यायला मावशी हजर होत्या. पोचण्याआधीची मदत याहून चांगली कशी असणार?

पण पुढचं बघा. उन्हाळा रोझेलच्या घरात गेला आणि शरद ऋतूत त्या फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय महाविद्यालयात गेल्या. तिथल्या खोलीतली शेगडी नीट चालत नव्हती. पेटवली की धूर, विझवली की गारठा. अंगावर लुगडं, ताटात शाकाहार, आणि प्रकृती मुळातच नाजूक. डीन रेचल बॉडली यांचं लक्ष होतं, मावशीही होत्या, पण त्या दुसऱ्या गावात. ११ मार्च १८८६ ला आनंदीबाईंना पदवी मिळाली. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या गेल्या, वय बावीसही पूर्ण नव्हतं. क्षयाचा दोष एका शेगडीवर टाकणं बरोबर होणार नाही. पण इतक्या दुरून इतकी माया करणाऱ्यांनाही रोजची खोली आणि रोजचं जेवण सांभाळता आलं नाही, एवढं तर दिसतंच.

नंतरच्या पिढीनं हे ओळखलं आणि विद्यार्थ्यांनीच विद्यार्थ्यांना सांभाळायला सुरुवात केली. १९११ मध्ये 'मॉडर्न रिव्ह्यू'मध्ये अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर शिकायला येणाऱ्यांसाठी माहिती देणारा लेख आला. लिहिणारे सारंगधर दास स्वतः तिथले विद्यार्थी. अशा माहितीची गरजही होती. १९०७ च्या सप्टेंबरात बॉथेलच्या उत्तरेला असलेल्या बेलिंगहॅममध्ये जमावानं हिंदी गिरणी-कामगारांना हाकलून लावलं होतं. नुसता कॉलेजचा पत्ता पुरत नव्हता, कुठे जाऊ नये हेही कळायला हवं होतं. अशा काळात तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णु गणेश पिंगळे सिॲटलला युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये इंजिनियरिंग शिकायला आले. त्यांना इथे आपली माणसं सापडली ती गदर चळवळीत. १९१५ मध्ये लाहोरला ते फाशी गेले. नव्या गावात जो हाक मारतो, त्याच्याकडे मुलगा जातो.

१९१३ च्या जुलैत बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात पोचले. वसतिगृहातलं जेवण जमेना, म्हणून ते काही दिवसांतच भारतीय विद्यार्थी राहत होते तिथे गेले. पुढे नवल भथेना यांच्याबरोबर खोली केली. ती मैत्री जन्मभर टिकली. कुठल्याही माहितीपत्रकात भथेना मिळत नाहीत.

पुढे हे काम संस्थेच्या रूपातही होऊ लागलं. सिॲटलमध्ये १९४८ साली सुरू झालेली 'फाउंडेशन फॉर इंटरनॅशनल अंडरस्टँडिंग थ्रू स्टुडंट्स' ही संस्था परदेशी विद्यार्थ्यांची गाठ स्थानिक कुटुंबांशी घालून देते. म्हणजे मावशी शोधून देण्याचंच काम.

आज निघण्याआधी माहितीला तोटा नाही. व्हिसा, बँक, कुकर कुठला न्यायचा, भाडं कुठे स्वस्त, ग्रुपवर विचारलं की पाच मिनिटांत दहा उत्तरं. पण सप्टेंबरच्या शेवटी कॉलेज सुरू झालं की ग्रुप पुढच्या वर्षीच्या मुलांकडे वळतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात इथला पाऊस लागतो, साडेचारला अंधारतं, पहिल्या परीक्षेचे गुण येतात. तेव्हा पोचल्याचं पत्र येऊन दोन महिने झालेले असतात.

बॉथेल-रेडमंड भागात मराठी घरं आता कमी नाहीत. विमानतळावर न्यायला माणूस मिळतो, पहिला आठवडा कुणाच्या तरी घरी जातो. हे छानच आहे. त्यात फक्त एक भर घालावी. नोव्हेंबरातल्या एखाद्या शनिवारी त्याच मुलाला फोन करून विचारावं, "खोली ऊबदार आहे ना रे? जेवायला येतोस?"